एकोणपन्नाशीत घेतलेली सुपर मीटिऑर ६५०: दोन वर्षे आणि चौदा हजार किलोमीटर

ऑक्टोबर २०२३ मध्ये, दसऱ्याच्या दिवशी, मी रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० घरी आणली, तेव्हा मी ४९ वर्षांचा होतो. त्यानंतरच्या दोन वर्षांत रोजची शाळा, कोल्हापूर आणि पंढरपूरच्या फेऱ्या आणि कोकणातली भटकंती मिळून ती १४,००० किलोमीटर चालली आहे. गाडी नवी असताना लिहिले असते तर मी नुसता आनंदच लिहिला असता. आता तिच्या गुणांइतक्याच तिच्या अडचणीही अंगवळणी पडल्या आहेत, म्हणून हे परीक्षण आता लिहितो आहे. ज्यांच्या मनात वीस-पंचवीस वर्षांपासून क्रूझर, म्हणजे पाय पुढे ठेवून निवांत चालवायची बुटकी, लांब मोटारसायकल, घर करून आहे, ज्यांची मुले मार्गी लागत आली आहेत आणि ज्यांची कंबर लांबच्या प्रवासानंतर बोलू लागते, असे वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांनी गाडीला विचारायचे प्रश्न पंचविशीतल्या तरुणाच्या प्रश्नांहून निराळे असले पाहिजेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझ्या मनात हे बी पडले ते २००१ साली. त्या वर्षी बजाजने कावासाकीच्या साथीने एलिमिनेटर ही १७५ सीसीची क्रूझर बाजारात आणली होती. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एका संध्याकाळी ती मी पहिल्यांदा पाहिली. बुटकी, लांब, चालवणाऱ्याचे पाय पुढे, खांदे सैल आणि भोवतीच्या गर्दीत त्या एकट्या माणसाला कसलीही घाई नाही. मी तेव्हा शिक्षणसेवक म्हणून नुकताच लागलो होतो आणि मानधनात घर चालत होते. पुढे २००५ मध्ये एलिमिनेटरच्या वाटेवरूनच अव्हेंजर आली, पण तोवर धाकट्या बहिणीचे लग्न, मग आमच्या फ्लॅटचे हप्ते, मग मुलीचे पुण्यातले शिक्षण अशी खर्चाची रांग लागली. त्या सगळ्या वर्षांत माझ्या स्प्लेंडरने मला कधी दगा दिला नाही, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. घराचा शेवटचा हप्ता जून २०२३ मध्ये फिटला. त्या रात्री जेवताना मी विषय काढला, तेव्हा पत्नीने एवढेच विचारले, ‘अहो, तुम्हाला ती पेलणार का?’ हा प्रश्न तिने सहज विचारला होता, पण खरेदीपूर्वी विचारण्याजोगा तोच पहिला प्रश्न आहे.

पेलण्याच्या दृष्टीने आधी मी मीटिऑर ३५० चालवून पाहिली. २०२० साली आलेली ही ३४९ सीसीची, वीस अश्वशक्तीची आणि १९१ किलोची गाडी अतिशय समजूतदार आहे. शहरात ती सुपर मीटिऑरपेक्षा कितीतरी सोपी जाते, आणि ज्यांचा बहुतेक प्रवास गावातल्या गावात आहे त्यांनी पुढे न वाचता तीच घ्यावी, असे मी मनापासून सांगेन. करांमुळे तर हा सल्ला आता आणखी पक्का झाला आहे, कारण सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आणि त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के अशी विभागणी झाली आहे. मी घेतली तेव्हा दोहोंच्या करात एवढी दरी नव्हती. माझे मन मात्र घाटात गेल्यावर बदलले. मागे पत्नी आणि दोन्ही बाजूंना सामान घेऊन खंबाटकी चढताना ३५० ला खालच्या गिअरमध्ये उतरावे लागत होते. ती चढली, व्यवस्थित चढली, पण मला हवा होता तो निवांतपणा त्या चढात हरवला.

सुपर मीटिऑर जानेवारी २०२३ मध्ये भारतात आली तेव्हा अॅस्ट्रल, इंटरस्टेलर आणि सेलेस्टियल या तीन प्रकारांच्या एक्स-शोरूम किमती अनुक्रमे ३.४९, ३.६४ आणि ३.७९ लाख रुपये होत्या. मी मधला, इंटरस्टेलर, हिरव्या रंगात घेतला. वाहनकर, नोंदणी आणि नव्या दुचाकीला बंधनकारक असलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरून हिशेब सव्वाचार लाखांच्या पुढे गेला. व्यवहाराबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पहिल्या विक्रेत्याने, ज्याचे नाव आणि गाव मी देत नाही, दिलेल्या कागदावर ‘हँडलिंग’ आणि ‘अॅक्सेसरीज पॅक’ अशा दोन रकमा होत्या. या रकमा पक्क्या बिलावर कोणत्या नावाने येतील, असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले नाही, आणि मग मीही तेथे थांबलो नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक रक्कम स्वतंत्र लिहून मिळाली. स्वप्नातली गाडी समोर उभी असताना माणूस शंभर प्रश्नांतले नव्वद गिळतो. म्हणून किमतीचे बोलणे गाडी पाहण्याआधी, शक्य तर फोनवरच करून घ्यावे.

आता वजनाबद्दल. टाकी ९० टक्के भरलेली असताना ही गाडी २४१ किलो भरते. माझी जुनी स्प्लेंडर ११० किलोच्या आसपास होती, म्हणजे तशा दोन एकत्र केल्या तरी पारडे हिचेच जड. सीट जमिनीपासून अवघी ७४० मिलिमीटर उंच असल्यामुळे माझ्यासारख्या पाच फूट पाच इंचाच्या माणसाची दोन्ही पावले टाचांसह टेकतात, आणि गाडी एकदा चालू लागली की ते वजन जणू कोणी काढून घेते. त्यामुळे चाचणी फेरीत वजन कळतच नाही. ते कळते गाडी बंद असताना, हाताने ढकलताना. आमच्या इमारतीच्या पार्किंगला भिंतीच्या बाजूला किंचित उतार आहे. पावसाचे पाणी भिंतीकडे वाहते, यापलीकडे तो उतार वीस वर्षांत मला कधी जाणवला नव्हता. पहिल्या संध्याकाळी हार, लिंबू, नारळ सगळे यथासांग झाले, शेजाऱ्यांना कंदी पेढे वाटले आणि मी गाडी भिंतीकडे तोंड करून लावली. सकाळी शाळेला निघताना ती मागे येईना. पाय जमिनीवर घट्ट रोवूनही बूट सरकत होते, पण चाक हलत नव्हते. शेवटी वरच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारावी लागली, आणि एका बाजूने तो व दुसऱ्या बाजूने पत्नी अशा दोघांनी मागून ओढल्यावर गाडी बाहेर आली. त्या दिवसापासून मी फाटकातच वळवून ती उताराच्या मदतीने मागे घेतो आणि तोंड रस्त्याकडे ठेवून लावतो. सवय झाल्यावर याला अर्धा मिनिटही लागत नाही, पण ती सवय लागेपर्यंतचा काळ धोक्याचा असतो.

तिसऱ्याच आठवड्यात मल्हारपेठजवळ चहासाठी थांबताना ती माझ्या हातून पडली. चूक सर्वस्वी माझी होती. रस्त्याकडेच्या खडीवर, हँडल वळलेले असताना, मी पुढचा ब्रेक दाबला. एवढ्या वजनाची गाडी एका ठरावीक कोनापलीकडे झुकली की तिला धरून ठेवणे माणसाचे काम नाही. अशा वेळी पाय बाजूला घेऊन तिला जाऊ द्यावे, कारण खरचटलेली टाकी दुरुस्त होते आणि मोडलेला घोटा आमच्या वयात वर्ष खातो. उचलण्याची पद्धत मी नंतर शिकलो आणि ती प्रत्येकाने गाडी घेण्याआधीच शिकावी. आधी इंजिन बंद करायचे, गाडी गिअरमध्ये ठेवायची, आणि ती उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे कोसळण्याची भीती उरत नाही. मग गाडीकडे पाठ करून कंबरेखालचा भाग सीटच्या कडेला टेकवायचा, एका हाताने हँडलचे टोक आणि दुसऱ्याने मागचा कठडा पकडायचा, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे मागे छोटी पावले टाकायची. समोरून वाकून दोन्ही हातांनी उचलू पाहणारा माणूस हमखास कंबर धरतो. चाळिशी ओलांडली की लायसनच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतोच; तो घ्यायला जाल तेव्हा गुडघे आणि मणक्याबद्दलही त्याच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. मी बोललो होतो, आणि त्यांनी सांगितलेले मांड्यांचे व्यायाम आजही रोज सकाळी करतो.

वजनाबद्दल एवढे लिहूनही मला ही गाडी घेतल्याचा क्षणभर पश्चात्ताप झालेला नाही, आणि त्याचे कारण इंजिन आहे. ६४८ सीसीचे, शेजारी शेजारी दोन सिलिंडर असलेले हे इंजिन २०१८ साली इंटरसेप्टरसोबत आपल्याकडे आले आणि आता चांगले मुरले आहे. त्याची ४७ अश्वशक्ती मिनिटाला ७२५० फेऱ्यांना मिळते, पण त्या आकड्याशी माझा फारसा संबंध येत नाही, कारण चौपदरी महामार्गावरही दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे आणि मी ती पाळतो. माझ्या उपयोगाची गोष्ट अशी की ५२.३ न्यूटन मीटर टॉर्कपैकी, म्हणजे चाक फिरवणाऱ्या ओढीपैकी, सुमारे ८० टक्के अवघ्या २५०० फेऱ्यांना हाती येतो. याचा अर्थ ट्रकमागे वेग कमी झाल्यावर, रस्ता मोकळा दिसताच, गिअर न बदलता मूठ किंचित पिळली तरी गाडी कसलाही आवाज न चढवता पुढे सरकते. सहाव्या गिअरमध्ये ताशी ८० ला इंजिन जवळजवळ विश्रांती घेत असल्यासारखे चालते.

आवाजाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण तो मला फार आवडतो. या इंजिनाच्या क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्यावर, दोन्ही पिस्टनच्या जागा एकमेकींपासून २७० अंशांवर आहेत. त्यामुळे दोन स्फोटांमधले अंतर सारखे राहत नाही. एक लवकर होतो, दुसरा जरा उशिराने, आणि त्यातून इंग्रजी व्ही आकाराच्या जुन्या इंजिनांसारखी एक लंगडती, खोल लय तयार होते. बुलेटच्या एकेका ठोक्याहून हा नाद निराळा आहे. कंपने शमवणारा बॅलन्सर असल्यामुळे ती लय कानाला मिळते आणि हातापायांना मात्र मुंग्या येत नाहीत. माझ्या वयाच्या माणसाला हे किती मोलाचे आहे, ते दोनशे किलोमीटरनंतर मनगट हलवून पाहिल्यावर कळते. क्लच स्लिप-असिस्ट प्रकारचा असल्याने दाबायला हलका आहे, आणि ब्रेक व क्लच दोहोंची लिव्हर बोटांच्या लांबीप्रमाणे जवळ-दूर करता येते. माझी बोटे आखूड आहेत. दुकानातच लिव्हर जवळ करून घेतल्यावर ताबा कितीतरी सुधारला.

गाडीची पारख व्हावी असा माझा आवडता रस्ता उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूणमार्गे गुहागरला जातो. पाटणपर्यंत रस्ता बराचसा सरळ आहे आणि तेथे १५०० मिलिमीटरचा लांब व्हीलबेस (दोन्ही चाकांमधले अंतर) आपले काम चोख करतो. वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या एसटीने ती विचलित होत नाही. हेळवाकनंतर घाट सुरू झाला की अशी लांबलचक गाडी वळणांना आळशी असेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात वळणात शिरण्याआधी वेग उतरवला, नजर वळणाच्या शेवटावर ठेवली आणि मूठ स्थिर ठेवली की ती रेघ मारल्यासारखी वळते. घाई केली तर मात्र तिचे फुटरेस्ट लवकर जमिनीला घासू पाहतात, आणि ती आपल्याला दिलेली सूचना समजावी. पोफळीकडे उतरताना, पावसाने काळ्या पडलेल्या डांबरावर, पुढचा ३२० आणि मागचा ३०० मिलिमीटरचा डिस्क ब्रेक आणि दोन्ही चाकांना जाम होऊ न देणारे एबीएस यांच्यामुळे २४१ किलोंची धास्ती वाटली नाही. स्प्लेंडरवर मी पुढच्या ब्रेकवर कधी विश्वास टाकला नव्हता. येथे पुढच्या ब्रेकवरच मुख्य भिस्त ठेवायची असते, आणि हा बदल अंगात भिनायला मला मोकळ्या मैदानावर तीन रविवार सराव करावा लागला.

याच रस्त्यावर तिची मर्यादाही कळते. मागच्या शॉकअपला दबायला १०१ मिलिमीटरच वाव आहे, तर पुढच्याला १२० मिलिमीटर. क्रूझर बुटकी ठेवायची तर मागची बाजू अशीच राहणार, हे गणित मान्य आहे, पण पावसाळ्यानंतर जेव्हा रस्त्यावर खड्डे असतात तेव्हा मोठ्या खड्ड्याचा धक्का थेट माकडहाडापर्यंत पोहोचतो. पाय पुढे असल्यामुळे कम्युटर गाडीवर करतो तसे फुटरेस्टवर उभे राहून तो धक्का टाळता येत नाही. खड्डा दिसला की वेग कमी करणे हाच उपाय आहे. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचे अंतर, १३५ मिलिमीटर आहे, म्हणून गावोगावी स्वखुशीने घातलेल्या उंच गतिरोधकांवरून दोघे बसलेले असताना मी तिरका आणि अगदी सावकाश जातो. शॉकअपचा ताण पाच टप्प्यांत बदलता येतो. एकटा असताना तो खालच्या टप्प्यांवर ठेवल्यावर माझ्या ६८ किलोंना बराच दिलासा मिळाला, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पहिले सहा महिने हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

शहरातल्या वापराबद्दल थोडक्यात लिहितो. राजवाडा परिसरातल्या अरुंद गल्ल्यांत ती वळवणे कष्टाचे आहे. मे महिन्यात गर्दीत अडकले की इंजिनाची ऊब पोटऱ्यांना जाणवते, कारण ते हवा आणि तेल यांवर थंड होणारे आहे आणि थांबलेल्या गाडीला वारा मिळत नाही. अॅव्हरेज मला शहरात लिटरला २२ ते २३ आणि महामार्गावर २७ पर्यंत मिळते, १५.७ लिटरची टाकी भरली की गुहागरला जाऊन परत येताना पेट्रोलची चिंता करावी लागत नाही. चाके अलॉयची आणि टायर ट्यूबलेस असल्याने एकदा खिळा घुसला असताना रस्त्यातच दहा मिनिटांत पंक्चर निघाले. हँडलवरचा छोटा गोल ट्रिपर दर्शक फोनला जोडला की पुढचे वळण दाखवतो. माहितीच्या रस्त्यावर मी तो बंदच ठेवतो. रात्री एलईडी हेडलाइटचा झोत सरळ रस्त्यावर पुरेसा पडतो, पण घाटात रात्री न जाण्याचा माझा नियम मी त्यासाठी मोडलेला नाही.

मागे बसणाऱ्याचा विचार न करता ही गाडी घेणे हा घरातल्या माणसावर अन्याय होईल, म्हणून शेवटी पत्नीच्या अनुभवाबद्दल. पहिल्या गुहागर प्रवासात पत्नी चिपळूणला उतरली तेव्हा काही बोलली नाही, पण दुकानात पाणी प्यायला उभी राहिली आणि बसायला दिलेली खुर्ची तिने नाकारली. त्यावरून मला काय ते समजले. मूळ मागची सीट चालवणाऱ्याच्या सीटपेक्षा पातळ आणि आखूड आहे, आणि पाठीला आधार नसल्यामुळे चढावर मागच्याला सतत पोटाच्या स्नायूंवर तोल सांभाळावा लागतो. इंटरस्टेलर घेताना वाचवलेले १५ हजार रुपये मी चुकीच्या ठिकाणी वाचवले होते. सेलेस्टियलला रुंद टूरिंग सीट, पाठटेका आणि पुढची काच मुळातच मिळते. दोघांनी फिरायचे असेल तर सरळ तोच प्रकार घ्यावा. आम्ही पुढच्या महिन्यात टूरिंग सीट आणि पाठटेका वेगळा बसवून घेतला, आणि दोघे निघताना शॉकअप दोन टप्पे कडक करण्याची सवय मी लावून घेतली. हेल्मेट निवडतानाही तिने आयएसआय शिक्का पाहण्याबरोबर स्वतः अर्धा तास डोक्यावर ठेवून पाहिले, कारण कपाळावर टोचणारे हेल्मेट माणूस घाटात काढून हातात धरतो.

त्यानंतरच्या डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा गुहागरला गेलो, वेळणेश्वर आणि हेदवी पाहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. कुंभार्ली चढून वर आल्यावर मी नेहमीप्रमाणे कोयनानगरला थांबण्यासाठी वेग कमी केला, तेव्हा मागून खांद्यावर हात पडला आणि ती म्हणाली, ‘अहो, चहा पाटणला घेऊ, आत्ता कुठे छान चाललंय.’